‘मुख्य कल्पना लिहा’ म्हटलं की मुलं पहिलंच वाक्य उतरवतात: नेमकं कुठे अडतं आणि काय करायचं

तक्रार दर वर्षी तीच. उतारा दिलेला, खाली प्रश्न ‘उताऱ्यातील मुख्य कल्पना लिहा’, आणि निम्म्याहून जास्त वह्यांत उताऱ्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट. काहींनी एकच शब्द लिहून वही मिटलेली: ‘पाऊस’. एखाद्याने चुकायला नको म्हणून निम्मा उताराच उतरवलेला. ‘पूरक तपशील लिहा’ या प्रश्नाखाली मग उरलेला निम्मा. आपण फळ्यावर समजावतो, मुलं “हो बाई” म्हणतात आणि पुढच्या चाचणीत पुन्हा तेच. शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी हा विषय निघाला नाही असं क्वचितच होतं.

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या शाळेत पाचवी ते सातवीला शिकवताना जे उपयोगी पडलं ते खाली लिहिते आहे. तुमच्या वर्गात जी अडचण दिसते तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. फक्त पहिली तपासणी कोणी वगळू नये.

आधी हे बघा: अडचण वाचायची आहे की समजायची

एक उतारा मुलाला स्वतः वाचून उत्तर लिहायला द्या. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच पातळीचा दुसरा उतारा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि तोंडी विचारा, “काय सांगितलंय यात?” ऐकून नीट सांगणारं, पण वाचून लिहिता न येणारं मूल असेल तर त्याची सगळी शक्ती जोडाक्षरं लावण्यात संपते आहे. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. त्याला रोजचं प्रकट वाचन हवं, लहान उतारे हवेत आणि तोच उतारा दोन-तीनदा वाचायला हवा. मुख्य कल्पनेचे धडे त्याला आत्ता देऊन दोघांचाही वेळ जाईल.

ऐकूनही सांगता येत नसेल, तर पुढचं सगळं त्याच्यासाठी. पण त्याआधी हेही पाहा की उत्तर आपण कुठल्या बोलीत मागितलं. प्रमाण मराठीत विचारल्यावर खाली बघणारा मुलगा मालवणीत फटकन बोलतो. पाणीटंचाईवरचा उतारा (तो खाली दिला आहे) ऐकून एकाने सांगितलेलं उत्तर असं होतं: “पावस खूप पडता, पण पाणी रवणा नाय” (पाणी राहत नाही). बाजारातल्या कुठल्याही मार्गदर्शकात याहून नेमकी मुख्य कल्पना छापलेली मिळणार नाही. हेच वाक्य त्याने मग वहीत प्रमाण मराठीत उतरवलं, थोडं अडखळत का होईना. क्रम असाच ठेवावा, आधी घरच्या बोलीत बोलणं आणि मग लिहिणं. थेट लिहायला बसवलं की मूल उताऱ्यातली तयार वाक्यं उचलतं, कारण त्या भाषेत त्याची स्वतःची वाक्यं अजून झरझर येत नसतात. उतरवून काढणं हा पुष्कळदा आळस नसतो, त्यामागे हे कारण असतं.

पहिलं वाक्य उतरवणारी मुलं

सगळ्यात जास्त संख्या यांचीच, म्हणून इथे जरा थांबू.

‘मुख्य कल्पना शोधा’ ही आपली सूचनाच मुलांना चुकीच्या वाटेला लावते असं माझं मत आहे. शोधा म्हटलं की ती उताऱ्यात कुठेतरी ठेवलेली असणार असं मूल धरून चालतं आणि वरून शोधायला लागतं. वरून शोधलं की पहिलं वाक्यच हाताला लागतं. त्यात पूर्वी कोणीतरी ‘मुख्य कल्पना बहुधा पहिल्या वाक्यात असते’ अशी युक्ती शिकवलेली असते. ही युक्ती वर्तमानपत्रातल्या बातमीला लागू पडते, कारण बातमीत मुख्य गोष्ट आधी आणि तपशील मागून अशीच रीत आहे. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद मात्र पुष्कळदा आधी सर्वसाधारण काहीतरी सांगतो, मग ‘पण’ म्हणून वळतो आणि म्हणायचं ते शेवटी ‘म्हणून’ने सांगतो. इतिहास-भूगोलाची पुस्तकं उघडून पाच-सहा परिच्छेद तपासा, लगेच दिसेल.

मी वापरते तो उतारा असा:

‘कोकणात दर वर्षी भरपूर पाऊस पडतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पावसाची नोंद होते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांवर पिण्याच्या पाण्याची टंचाई असते. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात अंतर कमी असल्याने इथल्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. पावसाचं पाणी थोड्याच वेळात समुद्राला मिळतं. जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यामुळे जमिनीत मुरलेलं पाणीही झऱ्यांवाटे निघून जातं. सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) मातीचा थर पातळ असल्याने तिथे ओल धरून राहत नाही.’

मुलं लिहितात, ‘कोकणात दर वर्षी भरपूर पाऊस पडतो.’ हे चूक आहे असं सांगू नका. त्या वाक्याला एक प्रश्न विचारायला सांगा: कशावरून? आमच्याकडची मुलं ‘कित्याक?’ (का?) विचारतात, तेही चालतं. आता उताऱ्यातली कोणती वाक्यं याचं उत्तर देतात ते बघायचं. ३,००० मिलिमीटरचं वाक्य देतं. नद्यांचं वाक्य देत नाही. जांभ्याचं नाही, मातीच्या थराचंही नाही. सात वाक्यांच्या उताऱ्यात एकच वाक्य ज्याच्या बाजूने उभं राहतं, ती मुख्य कल्पना कशी असेल? हे मुलांना स्वतःच्या तोंडाने म्हणू द्यावं.

मग दुसरं वाक्य तपासायला ठेवायचं: ‘पाऊस भरपूर पडूनही पाणी टिकत नाही, म्हणून कोकणात उन्हाळ्यात टंचाई होते.’ कशावरून? नद्या आखूड आहेत, जांभा पाणी धरत नाही, मातीचा थर पातळ आहे. आता सगळे तपशील कामाला लागले. पावसाच्या आकड्याचं वाक्यसुद्धा ‘भरपूर पडूनही’ या भागाला आधार देतं. आणि हे वाक्य उताऱ्यात कुठेही तसंच्या तसं छापलेलं नाही, हे मुलांना मोठ्याने दाखवून द्यायचं.

उलट दिशेनेही जाता येतं. तपशिलाचं वाक्य घ्यायचं आणि ‘मग काय?’ विचारायचं. नद्या आखूड आहेत. मग काय? पाणी लगेच समुद्रात जातं. मग काय? उन्हाळ्यात उरत नाही. दोन-तीनदा विचारलं की मूल आपोआप वरच्या विधानापाशी येतं. मंद गतीच्या मुलांना ही दुसरी दिशा सोपी जाते असं मला दिसतं. वरून खाली येण्यासाठी आधी वरचं वाक्य सुचावं लागतं. खालून वर जाताना हातात निदान एक वाक्य असतं.

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली खरी गोष्ट एवढीच आहे. मुख्य कल्पना म्हणजे ज्याला ‘कशावरून?’ विचारता येतं असं विधान, आणि पूरक तपशील म्हणजे त्या प्रश्नाची उताऱ्यातली उत्तरं. दोन्ही एकमेकांवर तपासायची. एक आधी आणि दुसरं नंतर, असे वेगवेगळे तास घेऊन ती शिकवता येत नाहीत.

खुणेच्या शब्दांबद्दल थोडं. ‘पण’, ‘मात्र’, ‘तरीही’ यांच्यानंतर लेखकाचा रोख वळतो, ‘म्हणून’, ‘थोडक्यात’, ‘एकंदरीत’ यांच्यानंतर निष्कर्ष येण्याची शक्यता असते. हे सांगावं. पण गोल करून आणा असा स्वाध्याय देऊ नये. वरच्याच उताऱ्यात ‘त्यामुळे’ हा शब्द एका तपशिलाच्या पोटात आला आहे; गोल करणारी मुलं तिथेच थांबतात आणि जांभ्याचं वाक्य मुख्य कल्पना म्हणून लिहून मोकळी होतात.

एका शब्दाचं उत्तर

‘पाऊस.’ ‘पाणी.’ ‘किल्ला.’ यात मुलांपेक्षा प्रश्नपत्रिकांचा दोष जास्त. ‘उताऱ्याला योग्य शीर्षक द्या’ हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा सोडवलेला असतो की ‘मुख्य कल्पना’ म्हणजे तेच असं त्यांना वाटतं. शीर्षक विषय सांगतं. विषयाबद्दल लेखक काय म्हणतो ते त्यात येईलच असं नाही.

उपाय सोपा आहे आणि लवकर लागू पडतो. उत्तराला क्रियापद हवंच, असा वर्गाचा नियम करा. ‘पाऊस’ लिहिलं की विचारायचं, “पावसाचं काय?” “पडतो.” “पडतो, त्याचं काय?” क्रियापद आलं की विधान येतं आणि विधान आलं की त्याला ‘कशावरून?’ विचारता येतं. ‘कोकणातील पाणीटंचाईची कारणे’ असं लिहिणारी हुशार मुलंही याच नियमाने पकडली जातात, कारण त्यातही क्रियापद नाही.

एक तोंडी खेळ आहे. उतारा वाचून झाला की मुंबईच्या काकांना फोनवर एका वाक्यात सांगायचं. काका गाडीत उभे आहेत, डब्यात गर्दी आहे, एकच वाक्य ऐकू जाणार. आमच्याकडे प्रत्येक घरात असे एक तरी काका असतात, त्यामुळे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. ‘पाऊस’ एवढंच सांगून फोन ठेवणाऱ्याला बाकीची मुलंच हसतात.

मजेशीर तपशील पुढे येतो

सिंधुदुर्ग किल्ल्यावरचा उतारा दिला की हमखास होणारी गोष्ट. उताऱ्यात साधारण हे असतं: १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी बांधकाम सुरू केलं. तटाला ठिकठिकाणी बुरूज आहेत. मुख्य दरवाजा तटाच्या वळणात असा ठेवला आहे की बाहेरून येणाऱ्याला तो सहज दिसत नाही. चहूबाजूंनी खारं पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किल्ल्यात महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून दाखवला जाणारा ठसा आहे.

मुख्य कल्पना? ‘किल्ल्यात महाराजांच्या पायाचा ठसा आहे.’ जवळजवळ एकमुखाने. सहलीला जाऊन आलेली मुलं तर हमखास, कारण तिथे त्यांनी वाकून तेच पाहिलेलं असतं.

मुलांना दोष देण्यासारखं यात काही नाही. मजेशीर पण बाजूचा तपशील वाचणाऱ्याला मुख्य मुद्द्यापासून दूर ओढून नेतो, हे रूथ गार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांबरोबर मोठ्या माणसांतही दाखवून दिलं होतं. आपणही एखादं व्याख्यान ऐकून आलो की विनोद तेवढा लक्षात ठेवतो.

ठशाच्या वाक्याला ‘कशावरून?’ विचारलं की उताऱ्यात उत्तरच नसतं, तिथे ते पडतं. पण मग खरी अडचण समोर येते. या उताऱ्यात मुख्य वाक्य नाहीच. बुरूज, दडवलेला दरवाजा, गोड्या विहिरी हे तिन्ही तपशील मिळून काहीतरी म्हणतायत आणि ते लेखकाने लिहिलेलं नाही. ‘शत्रूने वेढा घातला तरी आतल्यांना टिकाव धरता येईल अशी किल्ल्याची रचना आहे,’ हे वाक्य वाचणाऱ्याने स्वतः रचायचं आहे.

इथे घाई करू नये. ॲन ब्राउन आणि जीन डे या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये सारांश करण्याच्या नियमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनावश्यक गाळणं, पुन्हा आलेलं गाळणं, यादीऐवजी एक सामाईक शब्द वापरणं, मुख्य वाक्य निवडणं आणि ते नसेल तर रचणं, असे ते नियम. गाळण्याचं काम पाचवीच्या मुलांनाही जमत होतं. वाक्य रचण्याचं काम सगळ्यांत अवघड गेलं, मोठ्या वर्गांतल्या मुलांनाही. म्हणजे पाचवीतला मुलगा उतारा थोडा कापून उतरवतो तेव्हा तो त्याच्या वयाला साजेसंच करतो आहे. त्याला एकदम शेवटच्या पायरीवर उभं करायचं नाही.

मधली पायरी, म्हणजे यादीला एक शब्द देणं, पाचवीला भरपूर करून घ्यावी. बांगडा, पेडवे, सुरमई, कोळंबी: मासळी. सूप, रोवळी, डाळी (चटई), टोपली: बांबूच्या वस्तू. मग वाक्यांवर यायचं. ‘विहिरीत गोडं पाणी आहे’ आणि ‘दरवाजा बाहेरून दिसत नाही’ या दोन्हींना मिळून एक शब्द द्या. एका मुलीने ‘सोय’ सांगितलं, दुसऱ्याने ‘बचाव’. दोन्ही फळ्यावर लिहून घेतले आणि वाक्य तिथून पुढे आपोआप झालं.

पूरक तपशील म्हणून काहीही चालतं

मुख्य कल्पना कशीबशी जमली की उताऱ्यातली उरलेली सगळी वाक्यं पूरक तपशील, असा मुलांचा हिशोब असतो. खरं आहे पण आधार देत नाही, असं वाक्य ओळखता येत नाही.

यासाठी कागदाच्या पट्ट्या करा, एका पट्टीवर एक वाक्य. जुन्या वह्यांचे कागद पुरतात. आमचा आवडता संच वेळासच्या कासवांचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये कासव संवर्धनाचं काम सुरू केलं, आणि किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांचं तिथे काय केलं जातं हे मुलांना ऐकून तरी माहीत असतं. वरची पट्टी: ‘गावकऱ्यांच्या राखणीमुळे कासवांची जास्त पिल्लं समुद्रापर्यंत पोचू शकतात.’ खाली मिसळून दिलेल्या पट्ट्या: कुत्री आणि कोल्हे घरटी उकरून अंडी खातात, म्हणून अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात. मादी जेवढ्या खोल खड्ड्यात अंडी घालते तेवढाच खड्डा तिथे करतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की त्यांना पाण्याजवळ सोडतात. कासवाच्या पाठीचा रंग ऑलिव्हच्या फळासारखा हिरवट असतो. वेळासला पर्यटक येतात.

शेवटच्या दोन पट्ट्यांवर वर्गात भांडण होतं, व्हायलाच हवं. ती सोडवायला मी रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं, उदाहरण देते. रापण ओढताना दोन्ही दोरांना माणसं लागलेली असतात आणि शिवाय चार जण किनाऱ्यावर नुसते बघत उभे असतात. बघणारेही गावातलेच, कोणी परके नव्हेत, पण जाळं काही ते ओढत नाहीत. हे वाक्य दोर ओढतंय की उभं राहून बघतंय? रंगाचं वाक्य बघतंय, यावर लवकर एकमत होतं. पर्यटकांचं वाक्य घोळ घालतं. एक मुलगा म्हणाला, पर्यटक येतात म्हणून गावाला पैसे मिळतात आणि म्हणून लोक राखण करतात, मग ते ओढतंय. मी त्याला विचारलं, हे उताऱ्यात आहे का? नव्हतं. त्याचा विचार उत्तमच होता, मात्र त्या पट्टीवर तेवढं लिहिलेलं नव्हतं. त्याने ते लिहून पट्टी परत आणली तेव्हा वर्गाने ती घेतली.

सातवीसाठी यात एक भर घालते. तपशिलाचाही तपशील असतो. ‘अंडी हलवतात’ हा आधार, ‘तेवढाच खड्डा करतात’ हा त्या आधाराचा आधार. फळ्यावर एक बोट आत, दोन बोटं आत, असं सरकवून लिहिलं की पुरतं. झाडाचे, छत्रीचे, कोळ्याच्या जाळ्याचे तक्ते रंगवण्यात मुलांचे दोन तास जातात आणि वाचन दहा मिनिटांचं होतं. मला ते तक्ते आवडत नाहीत. प्रदर्शनाला छान दिसतात, एवढं खरं.

घरचं ज्ञान उत्तरात मिसळतं

किनाऱ्यावरच्या शाळांत ही अडचण जास्त दिसते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ओळखीचा विषय द्यावा, म्हणजे मुलांना समजतं, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत बेसबॉलच्या खेळावरचा उतारा मुलांना वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा तो चांगला सांगू शकली. आपल्याकडे हापूसवरचा उतारा बागायतदाराच्या मुलाला का सोपा जातो ते यावरून कळतं.

पण ओळखीच्या विषयात मूल उतारा वाचतच नाही. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीवरचा उतारा गाबीतवाड्यातल्या, म्हणजे मच्छीमार वस्तीतल्या, मुलांना द्या. उताऱ्यात एवढंच आहे: १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, हा अनेक माशांचा अंडी घालण्याचा काळ आहे, या काळात समुद्र खवळलेला असतो, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नसते. मुलांची उत्तरं: बाबा होडी झापांनी (माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी) शाकारतात. जाळी दुरुस्त करतात. सुकी मासळी लागते. बंदीत पैसे नसतात. सगळं खरं, अनुभवाचं आणि उताऱ्यात नसलेलं.

त्यांना गप्प करायचं नाही. वहीचं पान मधे रेघ मारून दोन भागांत करा, डावीकडे ‘उताऱ्यात आहे’, उजवीकडे ‘मला माहीत आहे’. बोलणं दोन्हीकडचं होऊ द्या, मुख्य कल्पना मात्र डावीकडून करायची. आणि डावीकडे लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवण्याचा हा नियम मोठ्या मुलांनाही पोरकट वाटत नाही, उलट दुसऱ्याचं चुकलेलं पकडायला ती उत्सुक असतात.

अर्थात सतत कोकणातलेच उतारे देत राहणं हाही उपाय नव्हे. परीक्षेत वाळवंटावरचा किंवा रेशीमकिड्यांवरचा उतारा येणार. ओळखीच्या उताऱ्यावर पद्धत बसवायची, आणि ती बसली की लगेच अनोळखी उतारा द्यायचा. अनोळखी विषयात उजवी बाजू रिकामी राहते, मुलं उताऱ्यावरच अवलंबून राहतात आणि कधी कधी उत्तरं जास्त चांगली येतात.

काही छोट्या अडचणी

पेन्सिलीने सगळ्याच ओळी अधोरेखित करणारी मुलं: पहिल्या वाचनाला पेन्सिल खालीच ठेवायची. दुसऱ्या वाचनाला फक्त तीन ठिकाणी रेघ मारायची परवानगी. चौथी मारायची तर आधीची एक खोडावी लागेल. खोडताना विचार होतो.

गोष्टीची मुख्य कल्पना विचारली की मुलं कथानक सांगतात. सांगू द्या, किंबहुना गोष्टीला हा प्रश्न विचारूच नका. भाषेच्या पुस्तकात गोष्टी, कविता आणि ललित लेखच जास्त असतात, त्यामुळे या कौशल्याचा सराव परिसर अभ्यास, विज्ञान आणि भूगोलाच्या तासाला करणं सोयीचं. दोन शिक्षकी शाळेत तर हे आपल्याच हातात असतं. भाषेचा तास वेगळा, विज्ञानाचा वेगळा, अशी भिंत तिथे मुळातच नसते. पाचवी पट्ट्या लावत बसते तेवढ्या वेळात सातवी त्याच उताऱ्याचं विधान लिहिते.

शिष्यवृत्तीच्या सरावात पर्यायी प्रश्न असतात. चार पर्यायांपैकी एक बरोबर, आणि उरलेले चुकतात ते बहुधा ठराविक पद्धतींनी. एखादा पर्याय फार मोठा असतो (‘पाणी हे जीवन आहे’), एखादा फार लहान (‘जांभा दगड सच्छिद्र असतो’), एखादा उताऱ्यात नसलेलाच. मुलांना बरोबर पर्याय निवडायला सांगण्याऐवजी चुकीच्या पर्यायांपुढे ‘मोठा’, ‘लहान’, ‘बाहेरचा’ असं लिहायला लावा. ‘पाणी हे जीवन आहे’सारख्या सुविचारी पर्यायाला मुलं फार भुलतात, कारण सुविचार चुकीचा कसा असेल असं त्यांना वाटतं. फळ्याच्या कोपऱ्यात रोज सुविचार लिहायची सवय आपणच लावलेली आहे.

तपासताना

उत्तरसूचीतलं वाक्य आणि मुलाचं वाक्य जुळत नाही म्हणून गुण कापले, तर वर्गात केलेलं सगळं वाया जातं. मूल पुन्हा उताऱ्यातली वाक्यं उचलायला लागतं, कारण तीच सुरक्षित. मी तपासताना तीनच गोष्टी बघते: विधान आहे का, उताऱ्यातल्या बहुतेक वाक्यांना ते पेलतं का, आणि त्याच्या खाली लिहिलेले तपशील खरंच त्याचेच आहेत का. शुद्धलेखनाचे गुण इथे कापत नाही, ते निबंधात कापता येतात.

काही उताऱ्यांना दोन उत्तरं निघतात. मासेमारी बंदीच्या उताऱ्यावर एकाने लिहिलं, ‘माशांची पैदास आणि माणसांची सुरक्षितता यासाठी पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते.’ दुसरीने लिहिलं, ‘पावसाळ्यातली बंदी सगळ्या होड्यांना सारखी नसते.’ पहिल्याला तीन वाक्यांचा आधार मिळतो, दुसरीला पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन. दोघांनाही आपापले आधार फळ्यावर मांडायला लावावेत आणि वर्गाला मोजू द्यावं. पहिल्याला पूर्ण गुण, दुसरीला निम्मे, आणि निम्मे का हे तिच्या वहीत एका ओळीत लिहून द्यायचं: ‘अंड्यांचं आणि खवळलेल्या समुद्राचं वाक्य तुझ्या विधानात बसत नाही.’ पुढच्या वेळी ती स्वतःच उरलेली वाक्यं मोजून बघते.